निबंधातला बाप

माझ्या बापाने मला आयुष्यात एकदाही मारलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण एका सकाळी सगळ्या एल आल्तो शहराने याच्या उलट ऐकलं, आणि तेही माझ्याच तोंडून.

माझं नाव यानेत कायिसाया. माझा बाप, ताता सातुर्निनो, रिओ सेको ते सेहा या मार्गावर मिनीबस चालवतो. शाळेत असताना शनिवारी मी हट्टाने त्याच्याबरोबर जायची आणि दारात उभी राहून थांबे पुकारायची. तो म्हणायचा, "किंचाळू नकोस. शब्द फेक. पळत येणाऱ्या बाईला कळलं पाहिजे, गाडी कुठं चाललीय."

शाळा संपल्यावर मला रेडिओत जायचं होतं. रेडिओत काम करणाऱ्या बायकांची एक संघटना दरवर्षी चार मुलींना पत्रकारिता शिकायला शिष्यवृत्ती द्यायची आणि प्रत्येकीला एक अनुभवी बाई मार्गदर्शक म्हणून. अर्जात एक निबंध होता: 'तुम्ही कोणत्या अडथळ्यावर मात केलीत?'

दोन दिवस मी त्या प्रश्नाकडे बघत बसले. मला दोन वेळचं जेवण होतं, आईबाप भांडत नव्हते. माझी मैत्रीण मारिसोल म्हणाली, "अगं, रडवल्याशिवाय कोण काय देतं? तुझा बाप पीत नाही?"

"नाही."

"मग पाज की त्याला. कागदावर पाजायला काय जातं?"

मी पाजली. मग हात थांबेना. बापाने मला शाळेतून ओढून मिनीबसच्या दारात उभं केलं, असं लिहिलं. वह्या जाळल्या, पट्ट्याने मारलं, असंही लिहिलं.

माझी निवड झाली. ताताने थांब्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना गरम सालतेन्या, म्हणजे मांसाच्या करंज्या, खाऊ घातल्या.

मला मार्गदर्शक मिळाल्या लिसेत उर्किसो. एका रेडिओ केंद्रात बातम्या त्या बघायच्या. बोलायला कडक, पण जे येतं ते हातचं राखून न ठेवता शिकवणाऱ्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला केंद्रात आणून बसवलं, आवाज कापायला आणि जोडायला शिकवलं. खालच्या ला पास शहरातली पोरं माझ्या आयमारा भाषेच्या वळणाच्या बोलण्याला हसायची. मॅडम म्हणाल्या, "ते वळण घासून काढू नकोस. आपलं ऐकणारे निम्मे लोक तसंच बोलतात." माझी प्रत्येक बातमी वाचून त्या एकच विचारायच्या, "ज्याच्याबद्दल लिहिलंस, त्याला विचारलंस?"

दर वेळी मला माझा निबंध आठवायचा, आणि दर वेळी मी पुढची बातमी काढायची.

पुढच्या वर्षी संघटनेला दहा वर्षं झाली. चारही मुलींनी आपापला निबंध सकाळच्या कार्यक्रमात वाचायचं ठरलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मी ध्वनिमुद्रण केलं. वह्या जाळल्याच्या वाक्याला माझा आवाज कापरा झाला आणि तो मला आवडला. ताता गाडीत फक्त गाणी आणि फुटबॉल ऐकतो, अशी मी मनाची समजूत घातली.

कार्यक्रम लागला त्या दुपारी बटाटे विकणाऱ्या दोन्या बेन्ता मला बाजारात भेटल्या. हातातलं पोतं खाली ठेवून म्हणाल्या, "सकाळी मी होते तुझ्या बापाच्या गाडीत. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तू रेडिओवर येणारेस म्हणून. म्हणाला, 'जरा गप्प बसा हो, माझी पोर बोलणारे,' आणि आवाज मोठा केला."

"मग?"

"मग काय! बंदसुद्धा केलं नाही गं त्यानं. शेवटपर्यंत ऐकलं. एक बाई उतरताना त्याच्या दारावर थुंकली."

संध्याकाळी ताता चाइरोचं सूप पीत बसला होता. मी समोर उभी राहिले.

"पट्टा कुठला होता?" त्याने विचारलं.

"काय?"

"पट्ट्यानं मारलं म्हणालीस. माझ्याकडे पट्टा कधी होता? मी तर दोरी बांधतो."

"शिष्यवृत्तीसाठी लिहिलं, ताता."

"ते कळलं. खरं लिहिलं असतंस तर मिळाली नसती?"

"माहीत नाही."

हेच तर खरं होतं. मी करून बघितलंच नव्हतं. त्याने वाटी सरकवली आणि उठून गेला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझा अर्ज काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "तू खोटं लिहिलंस. आणि मी तुझ्या वडिलांना एक फोन केला नाही. तुला रोज शिकवते ते मी स्वतः केलं नाही. एल आल्तोचा मिनीबसवाला म्हटल्यावर मला ते लगेच पटलं." त्यांचे कान लाल झाले होते.

संघटनेच्या समितीने माझी शिष्यवृत्ती थांबवली. सहा महिन्यांनी नव्याने अर्ज करायची मुभा दिली. खुलासा मीच करायचा, त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात. "पण आधी वडिलांना विचार," मॅडम म्हणाल्या.

ताता म्हणाला, "म्हणजे आधी मी मारकुटा, आता माझी पोर खोटारडी. लोकांची चांगली करमणूक चाललीय." तीन दिवस तो पहाटेच गाडी काढून गेला. चौथ्या दिवशी गाडी पुसता पुसता म्हणाला, "बोल. पण कागद घेऊन नको."

मी कागद न घेता बोलले. त्याचं पूर्ण नाव घेतलं. मध्येच आवाज बंद झाला, आणि काचेपलीकडून मॅडमनी हाताने सांगितलं, थांब, घाई करू नकोस. दोन मिनिटांचं काम. मला ते निबंध लिहिण्यापेक्षा जड गेलं.

त्या खुलाशाने सगळं निस्तरलं, असं नाही. थांब्यावर काही जण म्हणालेच, "पोरीला दम दिला असेल बापानं." ताता त्यांच्याशी वाद घालत नाही. काही बायका अजून त्याची गाडी सोडून मागच्या गाडीत बसतात.

ते सहा महिने मी केंद्रात येत राहिले, मॅडम शिकवत राहिल्या. नवा निबंध एका पानाचा झाला. माझ्या वाटेत मोठा अडथळा कुणी घातला नव्हता, मला बोलायला शिकवणारा एक माणूस घरात होता, आणि त्याचं मी काय केलं, एवढंच त्यात होतं. समितीत मतं फुटली, पण शिष्यवृत्ती परत मिळाली. आता सकाळच्या बातम्या मी बघते, आणि या वर्षीपासून एका नव्या मुलीची मार्गदर्शक आहे.

माझ्या पदवी समारंभाच्या दिवशी मॅडम आणि ताता पहिल्यांदा समोरासमोर आले. ताता टोपी काढून हसत म्हणाला, "मी तो निबंधातला बाप, मॅडम. मुलगी शिकवलीत, उपकार झाले."

सगळे हसले. मॅडम हसता हसता थांबल्या आणि ताताचा हात धरून म्हणाल्या, "मी तेव्हाच फोन करायला हवा होता."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. मला वर बघवेना.