कणकीचं कारण

दुर्गेश्वरीने अहवालाचं अठरावं पान उघडून खुशाल साहेबांपुढे सरकवलं. राइस मिलच्या त्या मॅनेजरने चष्मासुद्धा न लावता ते परत ढकललं.

"तेच लिहून आनलं तू. सही होनार नाही."

"सर, रीडिंग तेच आहेत. मी कशी बदलवू?"

"रीडिंग राहू दे. कारण बदलव."

एमबीएच्या प्रकल्पासाठी एकवीस दिवस ती कुडव्याच्या भाड्याच्या खोलीवरून स्कूटीने इथे येत होती. मिलच्या अंगणात उकडलेला धान वाळत पडलेला असे. दर तासाला त्यातला मूठभर उचलून ती ओलावा मोजायची. भरडून झाला की कणकी, म्हणजे तुटका तांदूळ, वेगळी करून तोलायची. बीएस्सीच्या केमिस्ट्रीचा एवढाच उपयोग उरला होता. उत्तर मात्र स्वच्छ निघालं होतं. धान भर उन्हात न झाकता एका दमात वाळवला, की दाण्याला आतून चिरा जातात आणि भरडताना तो तुटतो. आणि एका दिवसात वाळवण उरकायचा हुकूम खुशाल साहेबांचाच होता.

"बाया बराबर उलथत नाही, म्हनून कणकी होते," ते म्हणाले. "शेठले मी हेच सांगतलं. एमबीए करून राहिली ना तू? मंग मॅनेजरसारखं लिहाले शीक."

बाहेर येऊन तिने कॉलेजच्या गाइड सरांना फोन लावला.

"कंपनीची सही नसेल तर अहवाल घेता येत नाही," सर म्हणाले. "उद्या शेवटची तारीख आहे. सायन्स डोक्यातून काढ आता."

ती पुढे काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

गावी, कामठ्याला, तिचे वडील उदाराम वर्षभर सांगत होते, बीएड कर. तिनेच हट्ट धरला होता. जन्मभर दुसऱ्याने सांगितलेलं मोजत बसायचं नाही, निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं.

ऑफिसातल्या संगणकावर तिने ते पान उघडलं आणि कारण पुसलं. त्या जागी 'मजूर महिलांचा निष्काळजीपणा' लिहिताना बोट दोनदा चुकलं. खुशाल साहेब मागे येऊन उभे राहिले.

"वाळवनावर कोन कोन होत्या, त्यायचे नावं टाक. कोनाले काढाचं ते शेठ पाहतीन."

तिने मान वळवली नाही. नऊ नावं टाइप केली. तक्ते तसेच ठेवले. तक्ते एक सांगत होते आणि वरचं वाक्य दुसरंच, पण ते ताडून पाहणार कोण? सही झाली, शिक्का बसला.

चार दिवसांनी ती मिलकडून प्रकल्पाचं प्रमाणपत्र न्यायला आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अंगणात धान पसरलेला नव्हता. त्याचे ढीग करून वर ताडपत्र्या ओढल्या होत्या. दुर्गेश्वरी स्कूटीवरून उतरायचंच विसरली.

शेडच्या सावलीतून शकुंतलाबाई लगबगीने आली. वाळवणावरची ती सगळ्यात जुनी.

"साहेबानं आयकलं वं पोरी! दुपारी झाकून ठेवाले सांगतलं. आमी तं कधीच्या सांगून राहिलो होतो, तं म्हने तुमाले का समजते. तू लिहलं म्हनून झालं."

ऑफिसच्या खिडकीतून शेठ दिसत होते. टेबलावर तिच्या अहवालाची निळ्या पुठ्ठ्याची प्रत होती. खुशाल साहेब वाकून त्यांना एकेक पान उलटून दाखवत होते.

"तुया पुस्तकात आमचं नाव आलं का वं?"

दुर्गेश्वरीने बॅगेचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"आलं, मावशी."

"सगळ्यायचं?"

"सगळ्यांचं."

शकुंतलाबाई वळली आणि सावलीकडे पाहून मोठ्याने ओरडली, "या वं साऱ्या! आपलं नाव छापून आलं म्हनते!"

बाया पदर झटकत उठल्या आणि आपापलं नाव ऐकायला तिच्याभोवती जमल्या.