जिवंत माणसाचा रंग

बळीरामने चिमटीतली रांगोळी काळूरामदादाच्या गालावर सोडली, तसा शेजारी मोर काढत बसलेला विलास खाकरला.

"बळीराम, तुझा दादा गावात हाय ना रं? का गेला, नि मला कुनी कलवलंच नाय?"

बळीराम उठून मागे सरकला. शाळेच्या हॉलच्या फरशीवर त्याचा थोरला भाऊ हसत होता. पण गाल राखाडी, ओठ जांभळट. चेहरा जवळजवळ भरून झाला होता, आणि तो मढ्याचा होता.

इथल्या, जूचंद्रच्या रांगोळीतल्या लाडवाला खऱ्या मुंग्या लागतात, असं गाव छातीवर हात ठेवून सांगतं. अशा गावात जित्या माणसाला हा रंग लावायचा? तोही आई गेल्यावर ज्याने पोराप्रमाणे सांभाळलं, बोट धरून पहिली रेघ ओढायला शिकवली, त्याला? दादाची शिकवण एकच होती : डोळ्याला दिसेल तेच टाक, मनातलं टाकू नकोस. बळीरामने तेच केलं होतं. स्टुलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यात दादाच्या गेल्या महिन्यातल्या सत्काराचा व्हिडिओ बघून काढायला थांबवून ठेवलेला होता; पडद्यावरचा दादाही राखाडीच होता.

त्याची मुलगी खुशी वाकून बघत म्हणाली, "पप्पा, मोठे बाबा असे कुठे होते त्या दिवशी? थांबा. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे. व्हिडिओचं काम तो ग्राफिक्सच्या चिपवर ढकलतो, आणि आपल्या जुन्या डब्याची चिप रंगांची वाट लावते."

तिने ते बंद केलं, ब्राउझर पुन्हा उघडला. पडद्यावरचा दादा गव्हाळ झाला.

"झालं. मशीनची चूक होती."

"बोट माझं होतं," बळीराम म्हणाला.

दादा रांगोळी बघायला येणार होता; त्याच्या आत झाकायला हवं होतं. त्याने गव्हाळ रंगाची वाटी ओढली आणि राखाडीवर थर द्यायला घेतला. बोटं घाईत होती. रंग कुठे जाड पडे, कुठे पातळ. एक गाल झाकून झाला, तोच दारात चपला वाजल्या.

"रिक्षा नाय मिलाली. चालतच आलो," म्हणत काळूरामदादा रांगोळीपलीकडच्या बाकावर टेकला. वाकून त्याने रांगोळी निरखली. "बरा काढलास. पन दोन गाल दोन रंगांचे?"

"मशीनची चूक, दादा. हा गव्हाळ गाल बरोबर हाय."

दादाने पंच्याने कपाळ पुसलं. पुसलं तिथे पुन्हा घाम आला. खिडकीतलं ऊन त्याच्या तोंडावर होतं. सवयीने बळीरामने पडद्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, मग भावाकडे. नजर तिथेच थांबली. डोळ्याला दिसत होतं ते राखाडी होतं.

"खुशी, गाडी आन. दवाखान्यात जायचंय."

"कोनाला काय झालाय?" दादा हसला. "माझा हात जरा जड वाटतोय, दुसरा काय नाय."

बाकाकडे जायला फरशीच्या कडेने वाट ठेवली होती, पण तिला वळसा होता. बळीराम सरळ निघाला. त्याचं पहिलं पाऊल रांगोळीतल्या कपाळावर पडलं, तेव्हा विलास ओरडायला उठला; पण बळीरामचं तोंड बघून तो आपल्याच मोराचा पिसारा तुडवत दुसऱ्या बाजूने दादाला धरायला धावला.