सात नंबरचा खोटा पक्षी

मी एक जुना खोटा पक्षी आहे, मित्रांनो. खोटा म्हणजे लबाड नव्हे, कापडाचा. पोटात कापूस, वजन चिमणीइतकं भरावं म्हणून कापसात थोडीशी वाळू, आणि पाठीवर चिकटवलेली खरी पिसं, तीही तीन वेगवेगळ्या पक्ष्यांची. पायात पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर सातचा आकडा. आम्ही एकूण वीस भावंडं. पाहणीवाल्या मॅडमच्या आत्यांनी आम्हाला शिवलं. आत्यांचं सारं आयुष्य उशांचे अभ्रे शिवण्यात गेलं होतं. त्यामुळे आमची मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, हे आमचं आम्हालाही नीट सांगता येत नाही. मॅडमनी दबकत तसं म्हणून पाहिलं, तर आत्या म्हणाल्या, मेलेलाच दिसायला हवा ना, मग रूप कशाला बघतेस.

माझं काम ऐकून तुम्ही हसाल. माझं काम हरवण्याचं.

उन्हापासून वीज करणारा एक मोठा प्रकल्प आहे. माळावर नजर पोहोचेल तिथपर्यंत काचेच्या रांगा, लोखंडी पायांवर तिरक्या उभ्या. वरून उडणाऱ्या पक्ष्याला ही काच पाण्यासारखी दिसत असावी, असं जाणकार म्हणतात. पक्कं सांगता येत नाही, कारण ज्यांना तशी वाटली ते सांगायला उरलेले नाहीत. तर असे पक्षी आणि वटवाघळं या रांगांमधून मरून पडतात. ती किती पडतात ते मोजायचं, म्हणून त्या कामावर ठेवलेल्या काकू आठवड्यातून एकदा सगळ्या रांगा पायी फिरतात आणि सापडेल ते पिशवीत गोळा करतात.

पण चालत्या माणसाला सगळं थोडंच दिसतं? म्हणून दर तीन महिन्यांनी मॅडम येत आणि आम्हा विसांना गुपचूप रांगांमध्ये टाकून देत. कोण कुठे, ते वहीत लिहून ठेवत. काकूंना विसांतले दहा सापडले, तर खरे पक्षीही त्यांना निम्मेच सापडत असणार. मग काकूंच्या पिशवीत सहा असले, तर मॅडम अहवालात बारा धरत. मुंगसं आणि कोल्हे जे आधीच पळवतात, त्यांचं गणित आणखी वेगळं.

हे सगळं मॅडमना ठाऊक होतं, प्रकल्पाच्या साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. काकूंना मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटे, ही आपली परीक्षा आहे.

उमेदीच्या काळात मी कितीदा तरी हरवलो. सकाळी मॅडमच्या हातातून पडायचं आणि वाट पाहायची. दुपारी काच तापली की तिच्याखालची सावलीसुद्धा तापते. वारा आला तर पिसं हलतात, तेवढीच काय ती माझी हालचाल. एकदा एका मुंगसाने मला तोंडात धरलं, चार पावलं नेलं आणि थुंकून टाकलं. माझ्याविषयी इतकं स्पष्ट मत पुढे कुणी दिलं नाही. बाकी दिवसच्या दिवस कुणी नाही. मग केव्हातरी काकूंच्या चपलांचा आवाज यायचा. त्या मला उचलायच्या, पिसांवरची धूळ फुंकायच्या आणि हलकेच पिशवीत ठेवायच्या. जणू मी खरोखरच कुणाचा तरी होतो.

काकू पूर्वी धान्याच्या गोदामात निवडायच्या कामावर होत्या. सुपातला खडा त्या बोलता बोलता वेचत. एकदा त्यांनी निवडलेल्या पोत्यात तीन खडे राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून गोदामाने त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. इथे त्यांना सुरुवातीला आम्ही चौदा सापडायचो, कधी पंधरा. मग बारा. मग एकदा दहा. डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. साहेब सहज म्हणून गेले, "काय काकू, निम्मेच?" साहेब माणूस वाईट नव्हे, पण त्यांच्या 'सहज'ने माणसाची झोप उडते. काकूंना पुन्हा ते तीन खडे दिसू लागले.

काचा धुण्याचा टँकर ओढणारा ट्रॅक्टर काकूंचे धाकटे दीर चालवतात. त्यांची बैठक उंच, त्यामुळे आम्ही त्यांना ताटात वाढल्यासारखे दिसतो. आधी त्यांनी वहिनींची थट्टा केली. दाण्यातला खडा दिसणाऱ्या बाईला एवढं ढब्बं पाखरू दिसू नये म्हणजे कमालच. काकू हसल्या नाहीत. तेव्हा दिरांचंही हसू विरलं. पुढच्या खेपेला त्यांनी धुता धुता रांगांचे आकडे हातावर लिहून घेतले आणि जाता जाता वहिनींना वाचून दाखवले. माया होती हो ती. तिचा परिणाम काय होईल, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी एकतिसाव्या रांगेत होतो. माझ्यापासून हातभर अंतरावर एक वटवाघूळ पडलेलं होतं. खरं. लहानसं, तपकिरी, वाळकं पान घडी घालून ठेवावं तसं मिटलेलं. दोन दिवस आम्ही शेजारी होतो. असा सोबती मला पूर्वी मिळाला नव्हता. काकू आल्या त्या तडक माझ्याकडे. शोधणाऱ्याची चाल वेगळी असते, मित्रांनो. पाय सावकाश आणि मान सारखी फिरती. त्या दिवशी मान फिरलीच नाही. त्यांनी मला उचललं, वळल्या आणि वटवाघळाला ओलांडून निघून गेल्या. मी पिशवीतून मागे पाहत राहिलो.

विसांपैकी वीस. साहेबांनी काकूंचं नाव घालून प्रशस्तिपत्र छापलं, कचेरीतल्या पत्र्याच्या भिंतीत खिळा ठोकून ते टांगलं. साहेबांना लहान आकडे आवडत, आणि या खेपेचा आकडा फार गोंडस होता. शेजारच्या माळावर नव्या काचा टाकायच्या, तर पडणाऱ्या पक्ष्यांचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली हवा होता. काकूंच्या पिशवीत तेव्हा सहा खरे पक्षी निघाले होते. वीसच्या वीस सापडले, म्हणजे नजरेतून काही सुटत नाही. म्हणजे सहाचे सहाच.

आम्ही टेबलावरच्या पेटीत होतो, मी सगळ्यांच्या वर. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, काकू, आता तुमच्या आकड्याला गुणायचं कामच उरलं नाही. काकूंनी विचारलं, गुणायचं म्हणजे? मॅडमनी कागदावर सगळं मांडून दाखवलं. काकूंनी त्या कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मागे मला दहा दिसले नव्हते, ते तुम्ही धरत होतात?"

"तेवढ्यासाठीच तर हे पक्षी टाकायचे, काकू."

"आणि आता मला जे खरे दिसले नसतील, ते?"

"ते नाहीतच. तुम्हाला सगळं दिसतं ना."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग प्रशस्तिपत्राकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, हे वीस मी शोधले नाहीत. कुठे आहेत ते मला आधीच कळलं होतं."

साहेबांनी कुणी सांगितलं म्हणून विचारलं. टाकीची किल्ली न्यायला आलेले दीर दारातच उभे होते. ते म्हणाले, मी सांगितलं, वरून मला सगळं दिसतं. साहेबांचं म्हणणं पडलं की झालं ते झालं, कशाला उकरायचं. मॅडमनी अहवालाचा कागद फाडला आणि परीक्षा पुन्हा घ्यायची ठरवली. दिरांनी त्या दिवशी रजा घ्यावी असंही त्यांनी सुचवलं, पण धुलाई थांबणार नाही म्हणून साहेब अडून बसले.

त्या सकाळी मी एका लोखंडी पायाच्या सावलीत पडलो होतो. काकू आल्या, सावकाश, मान फिरवत. माझ्यापासून दोन पावलांवर थांबल्या, डोळे बारीक करून पाहिलं. पलीकडे ट्रॅक्टर उभा होता. दिरांनी मला पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. शेवटी ते मान फिरवून पाण्याचा नळ सोडायला लागले. काकू पुढे गेल्या. काचेवरून ओघळलेल्या पाण्याने मला ढकलत नेलं आणि वायरींच्या नालीच्या कडेला गवतात सोडलं.

पुढचं मला कळलं ते त्या दोघांच्या बोलण्यातून. दुपारी डबा खायला ते नालीजवळच्या सावलीत बसतात. विसांपैकी आठ. म्हणजे दोन सापडले तर पाच पडले. सहाचे झाले पंधरा. नव्या काचांचं काम थांबलं. एकतिसाव्या रांगेच्या आसपास, जिथे जास्त पाखरं सापडत, तिथे काच पाणी वाटू नये म्हणून कडांना पांढऱ्या पट्ट्या लावून पाहायचं ठरलं. साहेब म्हणाले, काकूंच्या जागी तरुण नजरेचं कुणी आणा. मॅडम म्हणाल्या, आणा खुशाल, त्याचीही हीच परीक्षा होईल. आणि आकडा कमी व्हायचा तर पक्षी कमी पडायला हवेत. काकू अजून कामावर आहेत. किती दिवस, ते कुणी सांगितलेलं नाही.

"बारा सुटले, भावजी," काकू त्या दिवशी म्हणाल्या.

"माझ्या जिभेवर आलं होतं, वहिनी."

"मला कळलं होतं. बरं केलंत." डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "सुटले, पण धरले गेले."

मॅडम वही घेऊन मला न्यायला आल्या होत्या. वहीतल्या जागी मी नव्हतो. आता माझी भावंडं कचेरीच्या पेटीत आहेत, एकमेकांना टेकून. मी इथे आहे. पिसं झडली, बिल्ल्याला गंज चढला. कुणी नेलं तर बरं वाटेल, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, तुमच्या हाती काही शोधायचं काम आलं आणि ते दिसलं नाही, तर दिसलं नाही म्हणून सांगा. लाज वाटेल, पण सांगा. त्या एका वाक्यात जे कुणालाच दिसले नाहीत त्यांना जागा मिळते.

परवापासून माझ्या शेजारी एक भिंगरी पडली आहे, खरं पाखरू. निळी पाठ, मिटलेले पंख. आज सकाळी काकू इथून गेल्या. त्यांना ती दिसली नाही, मीही दिसलो नाही. मला तिला सांगायचं होतं की तू हिशेबात धरलेली आहेस. पण आत्यांनी माझी चोच शिवून टाकली आहे.