स्वतःहून

नरेशने आधार कार्ड काचेवर पालथं ठेवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. सगळं उजव्या हाताने. डावा हात काउंटरच्या कडेला नुसता टेकलेला होता, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. समोरच्या गिऱ्हाइकाशी तो हिंदीत बोलत होता. मध्येच एखादा शब्द अडे, मग तो थांबून शोधून काढी आणि वाक्य पुरं करी. गिऱ्हाईक घाईत होतं, तरी थांबत होतं. पिंजौरच्या बाजाराला या झेरॉक्सच्या दुकानाची सवय होती.

गिऱ्हाईक गेलं तशी स्मिता पुढे झाली.

“बोलिए मॅडम, कितनी कॉपी?”

“नरेश, मी स्मिता. कॉलेजमधली.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, चष्मा, खांद्यावरची पर्स.

“मॅचचं लिहायचीस, ती?”

“तीच.”

“अरे यार!” तो हसला. हसताना ओठांची एकच बाजू वर गेली. “आत ये ना, बाहेर काय उभी? अण्णा, बघा कोण आलंय! चंडीगढची स्मिता!”

आतल्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा मांडीवर पुस्तिका घेऊन तिच्या भोकांतून स्पायरलची तार ओवत होता. नरेशचे वडील, मुरलीधर येवले. तरुणपणी कऱ्हाडहून इथल्या कारखान्यात टर्नर म्हणून आले, ते इथेच राहिले. त्यांनी मान वर केली, स्मिताकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं आणि पुन्हा तारेत डोकं घातलं.

स्मिता स्टुलावर बसली. चंडीगढहून इथे यायला पाऊण तास लागला होता. गेल्या सव्वीस वर्षांत हा पाऊण तास तिला कधी मिळाला नव्हता.

जानेवारीत माहलसर गेले. बलकार सिंग माहल, बावीस वर्षं कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच. सगळा गाव त्यांना कोचसाब म्हणायचा. ते गेल्यावर जुनी मंडळी सेक्टर बावीसमधल्या एका ढाब्याच्या माडीवर जमली. त्यांच्यातलं कुणी कधी मैदानात उतरलं नव्हतं. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडणारे हे लोक. आता कुणी बँकेत, कुणी कोर्टात, कुणाचं हार्डवेअरचं दुकान. कोचसाबांवर स्मरणिका काढायची ठरली, आणि संपादन ओघानेच स्मिताकडे आलं. फौजी बापाची ही पुण्याची मुलगी त्या काळी प्रत्येक मॅचला हजर असायची, दुसऱ्या दिवशी नोटिस बोर्डावर वृत्तान्त लावायची, तोच शहरातल्या दैनिकालाही पाठवायची.

आठवणी भराभर आल्या. हाफटाइमला कोचसाब स्वतः संत्री सोलून पोरांच्या तोंडात घालायचे. वसतिगृहातल्या कुणाला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचे. पतियाळाहून हरून परतताना पेनल्टी चुकवलेल्या पोराला त्यांनी राजपुऱ्याला बसमधून खाली उतरवलं होतं, तो किस्सा चौघांनी पाठवला, चौघांनीही हसत हसत. मग त्या उतरवलेल्या पोराचंच पत्र आलं. आता तो पन्नाशीला टेकलेला. त्याने लिहिलं होतं, ‘तेव्हा संध्याकाळ होती आणि माझ्याकडे स्वेटर नव्हता. एवढंच.’

“हे कशाला छापायचं?” हार्डवेअरवाला म्हणाला होता. “गेलेल्या माणसाबद्दल?”

“आणि नरेश येवलेचं काय?” कुणीतरी विचारलं. मग हार्डवेअरवालाच म्हणाला, “नरेशने दोन शब्द चांगले लिहून दिले ना, तर बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद होतील. स्मिता, तू जा. तुमचाच माणूस आहे, मराठी.”

म्हणून ती आली होती.

“मला ग्रुपमधून फोन आला होता,” नरेश म्हणाला. त्याने ड्रॉवर उघडून एक कागद काढला. “लिहून ठेवलंय. हिंदीत आहे, चालेल ना? मराठी बोलतो, पण लिहायला पक्कं येत नाही.”

एका हाताने टाइप केलेला, नीट समास सोडलेला कागद होता. स्मिताने वाचायला घेतला. कोचसाबांनी मला गोलकीपर बनवलं. ते दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन पिंजौरला यायचे. लोक त्यांना दोष देतात, ते चूक आहे. फायनलमध्ये डोक्याला मार लागल्यावर मी मूठ उंचावून त्यांना खूण केली आणि स्वतःहून गोलपोस्टकडे परत गेलो. पुढे जे झालं ती माझी जबाबदारी. खाली सही.

तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन लावली. झालं होतं काम. माडीवरची सगळी माणसं खूश होणार होती.

“बरोबर आहे ना?” नरेशने विचारलं. “ते मुठीचं वाक्य तुझंच घेतलंय मी.”

“माझं?”

“तुझ्या रिपोर्टमधलं. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही ना. सकाळी बसमध्ये पराठा खाल्ला, तिथपर्यंत आहे. मग डायरेक्ट हॉस्पिटल, डोक्याला पट्टी. मधलं सगळं तू लिहिलंस तेच. पाठ आहे मला.” आणि खरंच त्याने ते म्हणून दाखवलं, इंग्रजीत, एकही शब्द न अडखळता.

स्मिताने पर्स मांडीवरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मग पुन्हा मांडीवर घेतली.

तिला तो दिवस आठवत होता. समोरच्या फॉरवर्डचा गुडघा नरेशच्या कानाजवळ बसला, तेव्हा ती गोलपोस्टच्या मागेच, दहा पावलांवर उभी होती. नरेश खांबाला टेकून बसला आणि स्वतःच्या अंगावर ओकला. कोचसाब धावत आले. त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, जर्सीला धरून उभा केला आणि दोन मुस्कटात ठेवून दिल्या. “खडा हो जा ओए!” दोनच मिनिटांनी पेनल्टी झाली आणि नरेशने ती अडवली. अडवली म्हणजे चेंडू येऊन त्याच्या छातीवर आदळला. पायऱ्यांवर लोक नाचले. तीही नाचली. परत येताना बसमध्येच नरेश बेशुद्ध पडला.

दुसऱ्या दिवशी, त्याच्यावर शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा, कोचसाबांनी तिला ग्राउंडवर हाक मारली. तीन वर्षांत पहिल्यांदाच नावाने. “स्मिता बेटा, लिख देना कि लडका खुद गया. उसी की इज्जत है इसमें.” त्यांचे डोळे सुजलेले होते. ती वीस वर्षांची होती. कोचसाबांना आपलं नाव माहीत आहे, हेच तिला पुष्कळ दिवस पुरलं होतं.

“नरेश, तू मूठ वर केली नव्हतीस.”

“म्हणजे?”

“तू कसलीच खूण केली नाहीस. तुला उभंही राहता येत नव्हतं. सरांनी तुला ओढून उभं केलं. मारलं. मी तिथेच होते.” तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला. “सरांनी सांगितलं म्हणून मी तसं लिहिलं. तू स्वतःहून नाही गेलास.”

तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी मार्कशीट घेऊन आली. दो कॉपी, अंकल. नरेश उठला, मार्कशीट काचेवर ठेवली, बटण दाबलं. कोरा कागद बाहेर आला. त्याने दुसऱ्यांदा दाबलं. पुन्हा कोरा. मार्कशीट उताणी ठेवली होती. मुलीने हात लांबवून ती उलटी केली आणि स्वतःच बटण दाबलं.

ती गेल्यावर तो तिथेच काउंटरला टेकून उभा राहिला.

“सुरक्षा दलात माझी नोकरी ठरलेली होती,” तो म्हणाला. “खेळाडूंच्या कोट्यातून. मार्चमध्ये जॉइन व्हायचं होतं.”

“माहीत आहे.”

“मग फिट्स सुरू झाल्या. आईने हाय खाल्ली, ती दोन वर्षांत गेली. अण्णा एकच विचारायचे. तुला कुणी सांगितलं होतं परत जायला? मी काय सांगणार? म्हणायचो, मीच गेलो. पेपरात आलंय ना.” तो शब्द शोधत थांबला. “नंतर त्यांनी विचारायचंही सोडलं. मला आंघोळ घातलीय त्यांनी, यार, तिशीचा होतो तेव्हा. सगळं केलं. पण माझ्याशी बोलत नाहीत. कामाचं बोलतात. पेपर संपला, टोनर आण. कोचसाब आले की त्यांना मात्र चहा द्यायचे, शेजारी बसवायचे. म्हणायचे, या माणसाचा काय दोष.”

स्मिताने पर्स उघडली आणि तो कागद काढून काउंटरवर ठेवला. “हे छापायचं नाही. मी स्वतः लिहीन, जे झालं ते. माझ्या नावाने.”

त्याने कागदाकडे पाहिलंही नाही.

“छापशील ते छाप. आधी अण्णांना सांग.”

“तू सांग ना. तुझं ऐकतील.”

“मी सव्वीस वर्षं दुसरंच सांगितलंय त्यांना. तू लिहिलं होतंस, तूच सांग.” तो म्हाताऱ्याकडे वळला. “अण्णा! ही काय म्हणतेय बघा!” मग तिला म्हणाला, “मोठ्याने बोल. कारखान्यात लेथच्या आवाजाने कान गेलेत त्यांचे.”

मुरलीधरांनी तार खाली ठेवली. “काय म्हणतीस, पोरी?”

स्मिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “काका, त्या दिवशी नरेश स्वतःहून परत गेला नव्हता.”

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. “आँ?”

तिने आवाज चढवला. शेजारचा मोबाइलवाला दारात येऊन उभा राहिला. रस्त्यावरून भाजी घेऊन चाललेली बाईही थांबली. मराठी त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळत होतं.

“नरेशची काही चूक नव्हती! त्याला कोचने मारून उभं केलं होतं! तो स्वतः गेला असं मी लिहिलं, ते खोटं होतं! मी खोटं लिहिलं, काका!”

मांडीवरची पुस्तिका घसरून जमिनीवर पडली. ती उचलायला नरेश पुढे झाला, तसं म्हाताऱ्याने त्याचं मनगट पकडलं. डावं, निर्जीव मनगट. बराच वेळ ते नरेशच्या तोंडाकडे बघत राहिले.

“परत सांग,” ते म्हणाले. नजर नरेशवरच होती. “परत एकदा सांग, पोरी.”

स्मिताने श्वास घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.