टाकून दिलेली सिंफनी

चष्मेवाल्यांनी हौसेने नवी रेकॉर्ड लावली. एका बड्या संगीतकाराने तरुणपणी लिहून पुढे स्वतःच टाकून दिलेली सिंफनी होती ती. बायको शर्टाला बटणं लावत ऐकत होती. संपलं एकदाचं, असं वाटून तिने दोनदा सुई खाली ठेवली आणि दोन्ही वेळा पठ्ठ्याने नगारे बडवत नव्याने सुरुवात केली.

"निघता निघत नाही मेला," ती म्हणाली. "बाबांचा चष्मा द्यायला तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात, अगदी तसंच. निघतो म्हणायचं आणि दारातून परत येऊन बसायचं. बाबा बिचारे खुर्चीतच घोरायला लागले."

"म्हणूनच टाकली असेल त्याने," चष्मेवाले ओशाळून म्हणाले आणि रेकॉर्ड काढायला उठले.

"असू द्या," ती म्हणाली. "मी टाकलं का तुम्हाला?"