न छापलेला सात

मी एक जुना सात आहे. हो मित्रांनो, आकडा. सहा संपल्यावर आणि आठ यायच्या आधी तुम्ही म्हणता ना, तोच. तळहातावर मावणाऱ्या एका कचऱ्याच्या गाडीच्या दारावर माझा मुक्काम आहे. आता थोडा पिवळा पडलोय, पण माझ्या जन्माची गोष्ट सांगायला बसलो की अजून अंगात वारं भरतं. नाक मुरडू नका. कचऱ्याची असली तरी गाडीच आहे.

आधी एक गोष्ट तोंडावर सांगतो, मग राग येवो न येवो. छोट्या गाड्या आणि छोटी विमानं बनवणाऱ्यांसाठी बाजारात डेकल मिळतात. डेकल म्हणजे कागदावरचं पातळ चित्र. पाण्यात भिजवलं की ते कागदावरून सुटतं आणि हवं तिथे सरकवून बसवता येतं. रणगाड्याचं डेकल मागा, ढीगभर समोर टाकतील. लढाऊ विमानाने किती विमानं पाडली त्याच्या खुणासुद्धा पाकिटात मिळतात. कचऱ्याच्या गाडीचा आकडा मागितला तर दुकानदार हसतो. ज्या गाडीने माणसं मारली तिचा एकेक खिळा लोकांना तोंडपाठ. जी रोज सकाळी त्यांच्या दारातली घाण उचलते तिचा रंग कोणता, असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून मला घरी बनवावं लागलं. बरंच झालं!

मला बनवणारी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवते. हात असा की जरासुद्धा थरथरत नाही. तिची आई कचऱ्याची गाडी चालवायची, सात नंबरची. गल्लीत आईला नावाने कुणी ओळखत नसे. वळणावर गाडी दिसली की लोक 'सात नंबर आली' म्हणत डबे घेऊन पळत सुटायचे. पुढे आई निवृत्त झाली आणि गाडी भंगारात निघाली. शेवटचं बघून येऊ, असं लेकीने म्हटलं तर आई म्हणाली, लोखंडाला काय भेटायचं. त्यानंतर तिने गाडीचा विषयच काढला नाही.

लेकीला ते सलत राहिलं. तिने पातळ प्लास्टिक कापून, घासून, चिकटवून तीच गाडी उभी केली. मागचा कचरा दाबायचा जबडा, शिडी, आरसे, सगळं जिथल्या तिथे. आई जाता-येता बघायची आणि विचारायची, छान झालीय, कुणाची आहे? लेकीला तिच्या तोंडून एकच ऐकायचं होतं, की ही माझी. ते काही येईना. दारावर नंबर आला की ओळखेल, अशी तिने मनाची समजूत घातली, आणि माझी पाळी आली.

पहिल्या झटक्यात मी जन्मलोच नाही. एका विटक्या फोटोत आई दाराशी उभी होती आणि दारावर पांढरा सात दिसत होता. लेकीने तो कॉम्प्युटरवर काढला, पारदर्शक डेकल कागद प्रिंटरमध्ये सारला आणि बटण दाबलं. प्रिंटर बराच वेळ घरघरला आणि कोरा कागद बाहेर टाकला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा कोरा. मग तिने कपाळावर हात मारला आणि एकटीच हसत सुटली. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसतेच! पांढरं म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. दोनदा छापूनही मी नव्हतोच.

तेवढ्यात तिला झकास युक्ती सुचली. पांढरा डेकल कागद आणायचा, त्यावर अख्खं दारच हिरवं छापायचं आणि सातापुरती जागा मोकळी सोडायची. कळलं का मित्रांनो? माझ्या अंगाला शाईचा थेंब लागलेला नाही. भोवतीचं सगळं छापलं, आणि राहिला तो मी.

माझ्या आधीचा भाऊ पाण्यात गेला. अक्षरशः. त्याच्यावर व्हार्निशचा फवारा मारायचा राहिला होता, त्यामुळे शाई सुटली आणि वाटीभर हिरवं पाणी झालं. त्याच्या मागून आलेल्यांना व्हार्निश मिळालं, पण त्यांचा हिरवा रंग गाडीच्या हिरव्याशी जुळेना. पडद्यावर पोपटी दिसायचा, कागदावर शेवाळी, आणि व्हार्निशखाली आणखी काळपट. एकेक दार टेबलाच्या कडेला जाऊन पडू लागलं. शेवटी कागदाची बोटभर पट्टी उरली.

चहाचा कप ठेवायला जागा करताना आईने त्यातलं एक दार उचललं आणि उजेडात धरलं.

"हे का टाकलंस?"

"रंग जुळत नाही गं. दार वेगळंच दिसतं."

"वेगळंच होतं ते."

मग आईने सांगितलं. एका अरुंद बोळात गाडीचं दार खांबाला घासून चेपलं होतं. गॅरेजवाल्यांनी दुसऱ्याच गाडीचं दार काढून लावलं, ते जरा काळपट हिरवं. त्यावर नंबर नव्हता आणि नंबर घालणारा रजेवर. आईला गाडी थांबवून चालणार नव्हतं. तिने कोपऱ्यातला उरलेला पांढरा रंग घेतला आणि सात काढून मोकळी झाली. एवढं बोलून तिने दार पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"पण हा सात माझा नाही. माझ्याला खाली ओघळ होता."

"तो मी पुसला. मला वाटलं फोटोवर डाग पडलाय."

"लोकांना चष्मे लावतेस आणि तुला दिसत नाही होय? रंग पातळ झाला होता. पुसायला गेले असते तर सगळं दार माखलं असतं. म्हणून सोडला."

लेकीने चहा तसाच ठेवला. ओघळ परत आणला, उरलेली पट्टी साध्या कागदावर चिकटपट्टीने डकवली आणि प्रिंटरच्या तोंडात दिली. मित्रांनो, तो मी! वाकडा, ओघळासकट, आणि शेवटचा. माझ्यावर व्हार्निश चढलं, कात्री फिरली, आणि चिमट्याने मला कोमट पाण्यात सोडलं. पाठीखालचा कागद सुटायला लागला तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! आजवर मी कागदाला चिकटून होतो, आता मला जग दिसणार होतं. ओल्या ब्रशच्या टोकाने लेकीने मला दारावर सरकवलं, किंचित वर, किंचित डावीकडे, आणि बसवलं.

दाराला बिजागऱ्या होत्या, उंचवटे होते. त्यांच्यावर मी नीट बसावं म्हणून लेकीने माझ्यावर एक औषध लावलं. त्याने डेकल मऊ पडतं. मी मऊ पडलो, फुगलो आणि पार सुरकुतलो. भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा. ओघळ कुठे आणि मी कुठे, काही कळेना.

आईचा हात पुढे आला. आयुष्यभर जिने सांडलेलं भरलं, पडलेलं उचललं, ती बाई गप्प कशी बसेल? तिचं बोट माझ्यावर टेकणार होतं. टेकलं असतं तर मी तिथेच फाटलो असतो, आणि दुसरा सात छापायला कागद नव्हता.

"आई, हात लावू नको. तुझ्या पाया पडते."

"अगं पण सगळं चुरगळलं."

"चुरगळू दे. आपोआप बसतं. नुसतं बघ."

आईने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली. खरंच सांगतो. दोघी श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या आणि मी भीतीने अर्धा झालो होतो. मग एक सुरकुती विरली. तिच्या शेजारची विरली. मी दाराच्या उंचवट्यांवर उतरत गेलो, बिजागरीच्या फटीत शिरलो आणि असा चिकटलो की जणू रंगानेच काढलाय. खालचा ओघळसुद्धा लख्ख.

मी वाळेपर्यंत आई जागची हलली नाही. मग दाराला धक्का न लावता तिने गाडी मागून धरली, गाल टेबलाला टेकवला, एक डोळा मिटला आणि आरशात बघत गाडी हळूहळू मागे घेऊ लागली, चहाच्या डब्याकडे. लेक पटकन डब्यामागे जाऊन वाकली.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास."

गाडी डब्यावर आपटली.

"आधी सांगायचं," आई करवादली. "माझ्या गाडीला ब्रेक उशिरा लागतो."

लेकीने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मी सगळं पाहिलं, दारावरच होतो.

पुढे अशाच छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक आम्हाला ओलांडून रणगाड्यांकडे गेले. जाऊ देत. तुम्ही मात्र, मित्रांनो, एवढं करा. तुमच्या घरात कुणी रोज काही चालवत असेल, उचलत असेल, घासत असेल, तर त्याचा रंग कोणता, आकडा कोणता, हे त्यालाच विचारा, आणि त्याच्या हातचं वाकडं असेल ते सरळ करायला जाऊ नका. आणि माझ्यावर धूळ दिसली तर मऊ कोरडा ब्रश घ्या. ओलं फडकं घेऊन आलात तर मी काय बोलेन याचा नेम नाही.