संत जोसेफ शोधाला निघतात

आमच्या मुकुरांदा गावात एवेलियो उस्कातेगीच्या केशकर्तनालयात शिरलं की आरशाआधी गलबत दिसतं. हातभर लांबीचं, लाकडी, काचेच्या कपाटात ठेवलेलं. त्यावर सहा रबरी खलाशी उभे, आणि सुकाणूमागे एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवर धूळ बसू नये म्हणून एवेलियो रोज सकाळी दाढीचा मऊ ब्रश तिथे फिरवतो. तोवर गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलेलं असलं तरी त्याला पर्वा नसते.

‘सात वाऱ्यांचं गलबत’ ही मालिका आम्ही शाळेत असताना दुपारी चारला लागायची. जपानात काढलेली चित्रं, मेक्सिकोत घातलेले आवाज, आणि आमच्या डोंगरातल्या धुक्यामुळे निम्मंच दिसणारं सगळं. बाकीचं निम्मं आम्ही मनाने भरून घ्यायचो. माझ्यासारखे पुढे विसरले. एवेलियो विसरला नाही. त्याच्याकडे चिकटचित्रांची भरलेली वही आहे, खाऊचा पत्र्याचा डबा आहे, शीर्षकगीताची तबकडी आहे. ती तबकडी तो वाजवत नाही, नुसती पुसतो. आणि ओटच्या डब्यांतून निघायचे ते खलाशी आहेत, सहा.

सातवा म्हणजे म्हातारा कंदीलवाला. मालिकेत तो अगदी शेवटी आला, आणि तोवर ओटवाल्यांनी खेळणी घालणंच आटोपतं घेतलं होतं. त्यामुळे तो फार थोड्या घरांत पोचला. राजधानीतल्या संग्राहकांनासुद्धा मिळत नाही. एवेलियोला मात्र तो कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. चार घरं सोडून, एदुविहिसबाईंच्या, म्हणजे आमच्या बोलीत दोन्या एदुविहिसच्या, ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात तो संत जोसेफ म्हणून उभा होता. चाळीस वर्षं.

झालं होतं असं, की ज्या वर्षी दोन्याच्या मुलाला, विल्मेरला, ओटच्या डब्यात कंदीलवाला सापडला, त्याच नाताळात मांजराने मातीचा जोसेफ पाडून फोडला. तिचे यजमान क्रिसांतो हिशेबी बुद्धीचे. ते म्हणाले, “दाढी आहे, काठी आहे, कंदील आहे. संताला आणखी काय लागतं?” दोन्याने तपकिरी लोकरीचा झगा शिवून घातला आणि बोटभर उंचीचा कंदीलवाला जोसेफ झाला. बाळ येशू वीतभर लांबीचं, बाप बोटभर. गाय त्या दोघांहून लहान. पण गुडघे टेकून बसलं की काही खटकत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

नऊ वर्षं एवेलियो त्या बाईच्या मागे होता.

“दोन्या, विकत द्या.”

“संत विकतात का हो?”

“बदल्यात मेरीदा शहरातून मोठा जोसेफ आणून देतो. खरा. हातात लिलीचं फूल असलेला.”

“आणि आमची मारिया एवढ्या वर्षांनी नवा नवरा घेऊन काय करील?”

आमच्याकडे सगळेच सगळ्यांना तुम्ही म्हणतात, कुत्र्यालासुद्धा. पण दोन्या एदुविहिसचं तुम्ही चिमट्यासारखं लागायचं.

यंदा जानेवारीच्या वीस तारखेला दुपारी आम्ही वादक मंडळी तिच्याकडे गेलो होतो. मी व्हायोलिन वाजवतो. नवं वर्ष लागलं की देखाव्यातलं आडवं बाळ गाणी म्हणत, मिरवत, उभं करायचं, दोन फेब्रुवारीच्या आत. त्या सोहळ्याइतकं गोड मला जगात काही वाटत नाही. चार ओळींची कडवी, एकाने टाकायची, दुसऱ्याने उचलायची, त्यात थट्टाही आणि डोळ्यांतलं पाणीही. पाद्रीबाबा रविवारी तासभर समजावतात ते आमचा एक म्हातारा गवई दोन कडव्यांत गळी उतरवतो. तर दोन्याकडचा दिवस ठरवायला आम्ही गेलो, आणि एवेलियो वाद्यबिद्य काही येत नसताना आमच्याबरोबर आला.

“गुडघा दुखतोय,” दोन्या म्हणाली. “बाळ पडलंय तसंच पडू दे थोडे दिवस. बसा, कॉफी आणते.”

एवेलियोने माझ्याकडे पाहिलं. ज्याच्या घरी बाळ अजून आडवं असेल, त्याचं बाळ कुणीही पळवावं, हा आमच्या गावाचा जुना हक्क आहे. पळवलेलं बाळ गावाबाहेर न्यायचं नाही. मालकाने ते शोधायचं. ज्याच्या घरी सापडेल त्याने धर्मपिता व्हायचं आणि सोहळ्याचा केक नि वाइन आणायची.

“नाबोर,” तो माझ्या कानाशी पुटपुटला, “काहीतरी मोठ्याने वाजवा.”

“बाळ पळवणार? तुम्हाला तर जोसेफ हवाय.”

“जोसेफ पळवला तर ती चोरी. बाळ पळवलं तर रिवाज. बाळ आपल्याकडे असलं की मग बोलणी करता येतात.”

मी वाजवलं. देवासमोर कबूल करतो की चांगलं जोरात वाजवलं. दोन्याला कॉफी करायला त्या दिवशी एवढा वेळ का लागला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बाळाला त्याने दुकानात गरम टॉवेलांच्या डब्यात निजवलं. मग पत्र पाठवलं. हस्ताक्षर ओळखू नये म्हणून एकेक अक्षर मासिकातून कापून चिकटवलं होतं: बाळ सुखरूप आहे. परत हवं असल्यास जोसेफला द्या.

गावात जुनी मासिकं फक्त न्हाव्याकडे असतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही. शिवाय पत्राला दाढीच्या लोशनचा वास येत होता. दोन्याने ते नाकाशी धरलं आणि नीट घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं, असं तिच्या शेजारणीने पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्या एदुविहिस घराबाहेर पडली. गुडघा बरा दिसत होता. तळहातावर रुमाल, रुमालावर जोसेफ.

“लेकरू हरवलंय,” ती उबाल्दिना बेकरीवालीच्या दारात म्हणाली. “बाप घरी कसा बसेल? शोधायला निघालाय. आज तुमच्याकडे मुक्काम करू दे.”

असं कुणी कधी केलं नव्हतं. आमच्याकडे शोधाला लहान मुलं निघतात, जोसेफ-मारियाचे कपडे घालून, एका संध्याकाळपुरती. पण खुद्द देखाव्यातला संत दारी आल्यावर कोण नाही म्हणणार? उबाल्दिनाने त्याला ओवनजवळ उबेला ठेवलं. आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून झग्याला डिंकाने सोनेरी चमकी लावून दिली.

ही बातमी दुकानात आली तेव्हा खुर्चीत मी होतो.

“डिंक?” एवेलियो म्हणाला. “साधा की पक्का?”

“मला काय ठाऊक? झग्यालाच लावलाय.”

“झग्यातून आत मुरला तर? रबर आहे ते, नाबोर! चाळीस वर्षांचं रबर!”

“हळू. माझा गळा आहे तो.”

दुसऱ्या दिवशी जोसेफ तेओफिलो मास्तरांकडे गेला. मास्तरांना विजेच्या कामाची भारी हौस. त्यांनी कंदिलाला बारीक छिद्र पाडून आत इवलासा दिवा बसवला. आता जोसेफ खरोखर उजेड पाडत होता आणि सगळी गल्ली बघायला लोटली होती. एवेलियोने हे ऐकलं आणि खुर्चीतल्या पाद्रीबाबांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला.

तिसरा मुक्काम रांखेलांच्या जुळ्या मुलींकडे. त्यांनी दमलेल्या संताला पिस्का पाजला, म्हणजे बटाटे, दूध आणि अंडं घातलेलं आपलं नेहमीचं सार. पाजला म्हणजे वाटीत बसवला. मग आंघोळ घातली. मग टाल्कम.

“तुम्ही बाळ देऊन टाका,” मी म्हटलं.

“आत्ता? नऊ वर्षं थांबलोय. ती म्हातारी दमेल.”

“ती नाही दमत. काल चौकात बारा बायकांना घेऊन कडवी म्हणत होती. आवाज ऐकला ना?”

आवाज सगळ्यांनीच ऐकला होता. ती गात होती:

बाळ कुणी नेलं ग बाई, रिती झाली गव्हाण,
जोसेफाच्या पायांना ग गल्लीगल्लीचं आव्हान.

आणि बायका मागून सुस्कारे टाकायच्या. मला तर वाजवायला नाही बोलावलं याचं वाईट वाटत होतं. गुन्ह्यात माझाही वाटा आहे हे तिला कळलं होतं, दुसरं काय.

गुरुवारी संध्याकाळी ओलिंतो केस कापायला आला. ओलिंतो गाड्यांना रंग मारतो. खुर्चीत बसता बसता म्हणाला, “उद्या संत आमच्या गॅरेजात येणार. मी ठरवलंय, सोनेरी करायचा. नखशिखांत. बसवाल्यासाठी आणलेला फवारा शिल्लक आहे, ऊन-पाऊस काही लागणार नाही त्याला जन्मभर.”

एवेलियोच्या हातातली कात्री हवेतच थांबली.

“झगा काढून?” त्याने विचारलं.

“अर्थात. काम करायचं तर नीट करायचं.”

शुक्रवारी दुपारी मी पुलाजवळ उभा होतो. वरून दोन्या येत होती, रुमालावर चमकणारा, उजेड पाडणारा, टाल्कमचा वास येणारा जोसेफ. मागे निम्मं गाव. खाली गॅरेजच्या दारात ओलिंतो तोंडाला फडकं बांधून, फवारा हलवत उभा. टक् टक् टक्. आणि एवढ्यात गल्लीतून एवेलियो आला, पांढरा कोट, हातात टॉवेलांचा डबा, मागे एक अर्धवट दाढी केलेलं गिऱ्हाईक.

“सापडलं!” तो ओरडला. “बाळ सापडलं! थांबा! ओलिंतो, तो फवारा खाली ठेवा, हात जोडतो!”

त्याने डबा उघडला. वाफेचा लोट उठला आणि त्यातून बाळ येशू वर आला, गुलाबी, टवटवीत. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

“किती गरम लागतंय हो,” दोन्या बाळाच्या कपाळाला हात लावत म्हणाली. “ताप तर नाही ना आला? कुठे सापडलं म्हणता?”

“माझ्याच… डब्यात.”

“बघा तरी. आणि तुम्हाला पत्ताच नाही. पत्रं लिहिण्यात वेळ जातो ना माणसाचा.”

निम्मं गाव हसलं. उरलेल्या निम्म्याला शेजारच्याने समजावून सांगितलं, मग तेही हसलं. ओलिंतो तेवढा खट्टू झाला.

एक तारखेला सोहळा झाला. एवेलियो धर्मपिता. रेशमी रुमालाचं एक टोक त्याच्या हातात, तिघा शेजाऱ्यांकडे बाकीची तीन, मधे बाळ, सगळ्यांच्या दुसऱ्या हातात मेणबत्त्या. अंगणाला फेरी घातली. मला वाजवायला बोलावलं होतं, म्हणजे माफी झाली होती. दोन्याने पहिलं कडवं टाकलं:

वस्तरा ज्याच्या हाती बाई, त्याचे गाल लाल,
जगाची दाढी करता करता न्हावी झाला हमाल!

आता धर्मपित्याने उत्तर द्यायचं असतं. एवेलियोला सूर नाही. पण रुमालाचं टोक धरून तो देखाव्याशी आला आणि गायला, जमेल तसं:

नऊ वर्षं दारी आलो, मागितलं एक दान,
पळवलं मी लेकरू, माये, धरतो माझे कान.

मी कितीतरी मोठे गवई ऐकलेत. इतक्या बेसुऱ्या कडव्याला मी कधी एवढ्या मनापासून साथ केली नव्हती. दोन्याने बाळाला उभं केलं, एवेलियोने त्याच्या पायांचं चुंबन घेतलं, आणि त्याची नजर जिथे जायची तिथेच गेली. शेजारी, बोटभर खाली.

केक वाटून झाल्यावर दोन्या त्याच्याजवळ येऊन बसली.

“एवेलियो, तुम्ही मला नऊ वर्षं काय म्हणत होता?”

“विकत द्या म्हणत होतो. चुकलं.”

“विल्मेर चिलीहून फोन करतो तेव्हा दर वेळी विचारतो, माझा जोसेफ आहे ना? तो विकू मी? पण परवापासून हा डब्यात कापसात जाणार, ते थेट डिसेंबरात निघणार. सुतार माणूस तो. साडेदहा महिने घरी झोपून काय करणार? कामाला पाठवा असं कुणी म्हटलं असतं तर मी पाठवलाच असता. कुणी म्हटलंच नाही.”

एवेलियोने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. “कामाला पाठवाल का हो, दोन्या?”

“पाठवीन. पण झग्यासकट. चमकीसकट. लोकांनी प्रेमाने दिलंय ते काढायचं नाही. आणि दिवा रोज संध्याकाळी लावायचा.”

तीन फेब्रुवारीला सातवा खलाशी गलबतावर चढला. सुकाणूमागे, लोकरीचा झगा, सोनेरी चमकी, कंदिलात उजेड. एवेलियो दुकान बंद करून तासभर नुसता बघत बसला. संग्राहकांच्या मंडळाला त्याने फोटो पाठवला. राजधानीतून एकाने कळवलं, याची किंमत आता शून्य. एवेलियोने ते मला वाचून दाखवलं आणि फोन टॉवेलांच्या डब्यात टाकला.

पण हिशेबात एक गोष्ट त्याने धरली नव्हती. तीन मुक्काम केलेल्या संताला सगळं गाव ओळखत होतं. चौथ्या दिवशी उबाल्दिना दुकानात आली, केस कापायला नव्हे. गलबतासमोर मेणबत्ती लावून, सूनबाईसाठी नवस बोलून गेली. मग रांखेलांच्या जुळ्या आल्या. मग त्यांच्या मावश्या. गलबतावरच्या रबरी कप्तानाच्या गळ्यात कुणी फुलं घातली, कारण जोसेफ ज्याच्या गलबतावर चढला तोही कुणी लहान असामी नसणार. केस कापून घ्यायला आलेले पुरुष फुटबॉलवरून शिव्या द्यायला तोंड उघडत आणि बायकांकडे बघून मिटत. “दुकान आहे की देऊळ?” ओलिंतो कुरकुरला, आणि पाद्रीबाबांनी दोन्ही कल्ले सारखे करून घेता घेता त्याला गप्प केलं.

मार्चच्या एकोणीस तारखेला, संत जोसेफच्या सणाला, आम्ही व्हायोलिन, चार तारांचं क्वात्रो, सगळं घेऊन तिथेच गायलो, आरशांच्या मधे दाटीवाटीने. गळ्याला पांढरं कापड बांधलेले तिघे जण फेसाळ तोंडाने उठून उभे राहिले. एवेलियो वस्तरा खाली ठेवून, सूर नसलेल्या गळ्याने, सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होता. दोन्या एदुविहिस गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली होती, आणि कुणी पाहत नाही असं वाटून पायाने ती गोल गोल फिरवत होती.